वाक्यातला कर्ता कोठे गेला?

सार्वजनिक काम करणाऱ्या माणसाने व्याकरणाचा विचार करावा, असे कोणी म्हटले की आपल्याकडे त्याचे हसे होते. व्याकरण हा शाळामास्तरांचा विषय, शब्दांची निवड हा साहित्यिकांचा छंद, आणि कार्यकर्त्याला या दोहोंसाठी सवड नसते, अशी आपली समजूत आहे. 'भाव कळला म्हणजे झाले' हे वाक्य बैठकांतून मी असंख्य वेळा ऐकले आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत ज्यांच्या वतीने आपण बोलतो त्या माणसांना मोजावी लागते, असे माझे मत आहे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविल्यानंतर मला असे दिसते की, जमीन, मजुरी, मदत आणि भरपाई यांच्या वाटपाचे पुष्कळसे निर्णय आकड्यांत होण्याआधी वाक्यांत होऊन गेलेले असतात.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्याकरण म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ आणि 'न'-'ण' एवढाच अर्थ घेतला, तर हे शास्त्र दुबळ्यांना गप्प बसविण्याचे साधन होते. तसे ते झालेलेही आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला, तेव्हा जोतीरावांच्या व्याकरणाची थट्टा हे त्यांचे एक प्रमुख हत्यार होते. परंतु 'शेतकऱ्याचा असूड' वाचणाऱ्याला, शेतकऱ्यास कोण लुबाडतो, कोणत्या मार्गाने लुबाडतो आणि त्यात सरकारी अंमलदाराचा, सावकाराचा व पुरोहिताचा वाटा कोणता, हे समजून घेण्यात कोठेही अडचण येत नाही. मी ज्या अर्थाने व्याकरण म्हणतो आहे, त्या अर्थाने जोतीरावांचे व्याकरण पक्के होते. त्यांच्या वाक्यातला कर्ता कधी पळून जात नाही.

आमच्या म्हसळ्याच्या बाजारात कुणबी, कोळी, कोकणी मुसलमान आणि कातकरी अशा निरनिराळ्या समाजांची मराठी ऐकू येते. प्रत्येक बोलीला तिचे नियम आहेत आणि बोलणारा ते काटेकोरपणे पाळतो. एखादी बाई 'पानी' म्हणते म्हणून तिचे वाक्य अशुद्ध ठरत नाही. 'तलाठी आला नाय, त्याने बाग बघितली नाय' असे ती म्हणते, तेव्हा कोणी काय केले नाही हे त्या वाक्यात स्वच्छ आहे. हेच वाक्य कचेरीच्या कागदावर चढते तेव्हा त्याचे रूप 'सदर क्षेत्राची पाहणी करण्यात आलेली नसल्याचे निदर्शनास आले आहे' असे होते. शुद्धलेखन निर्दोष आहे; तलाठी मात्र नाहीसा झाला आहे. पाहणी कोणी करायची होती आणि ती न झाल्याचे कोणाच्या निदर्शनास आले, या दोन्ही प्रश्नांना त्या वाक्यात उत्तर नाही.

तीन वाक्ये

मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी कर्तरी, कर्मणी आणि भावे हे प्रयोग पाठ केले. या प्रयोगांचा सत्तेशी काही संबंध आहे, हे मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगितले. 'तलाठी पंचनामा करतो' हा कर्तरी प्रयोग. 'तलाठ्याने पंचनामा केला' हा कर्मणी. येथे क्रियापद पंचनाम्याच्या मागे जाते, पण 'ने' प्रत्यय लावून तलाठी वाक्यात उभाच राहतो. म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातला कर्मणी प्रयोग कर्त्याला लपवीत नाही. तिसरे वाक्य 'पंचनामा करण्यात आला' हे. येथे कर्त्याला बसायला जागाच ठेवलेली नाही. वाक्य पूर्ण आहे, व्याकरणाने त्यात दोष काढता येत नाही, आणि जबाबदार कोणी नाही.

ही रचना सर्वस्वी त्याज्य आहे असे मी म्हणत नाही. कर्ता ठाऊक नसेल किंवा त्याच्याशी कर्तव्य नसेल, तेथे ती सोयीची असते. परंतु संपूर्ण कागदच या रचनेत लिहिला जातो, तेव्हा परिस्थिती बदलते. जमीन संपादन करण्यात येते, घरे हटविण्यात येतात, अर्ज निकाली काढण्यात येतो, मदतीच्या मागणीवर सहानुभूतिपूर्वक विचार करण्यात येईल असे कळविण्यात येते. पाऊस पडतो, वीज चमकते, तशाच या घटना घडतात असा भास होतो. पावसाला जाब विचारता येत नाही; आदेशाला येतो, पण आदेश देणारा वाक्यात सापडला तर.

क्रियापदाच्या शेपटीचाही विचार केला पाहिजे. कायद्याच्या मराठीत 'करील' आणि 'करता येईल' यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. 'शासन भत्ता देईल' या वाक्याने शासनावर कर्तव्य येते. 'शासनाला भत्ता देता येईल' या वाक्याने शासनाला मुभा मिळते. पहिल्या वाक्याच्या आधारे न्यायालयात जाता येते, दुसऱ्याच्या आधारे फार तर विनंती करता येते. 'शक्यतो', 'यथावकाश', 'निधीच्या उपलब्धतेनुसार' हे शब्द याच कुळातले. नियमाच्या मसुद्यात ते निरुपद्रवी दिसतात, आणि अंमलबजावणीच्या वेळी सगळी हमी त्यांच्यातून गळून जाते.

मराठी राज्यकारभाराची भाषा व्हावी यासाठी आपण झगडलो. १९६० साली राज्य झाले, भाषा संचालनालय निघाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. पदनाम कोश प्रसिद्ध झाला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून झोडपले आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. ती टीका अगदीच गैरलागू नव्हती. पण मला असे वाटते की आपण अवघड शब्दांवर हसलो आणि वाक्यरचनेकडे दुर्लक्ष केले. अवघड शब्द वापराने सोपा होतो. 'दिनांक' आणि 'महापौर' हे सावरकरांनी रूढ केलेले शब्द आज कोणाला अडत नाहीत. कर्ता नसलेले वाक्य मात्र शंभर वर्षे वापरले तरी त्यात कर्ता उगवत नाही. भाषा मराठी झाली. हुकूम देणारा व हुकूम झेलणारा यांचे नाते वाक्यात जसे होते तसेच राहिले.

शब्द काढून टाकला म्हणजे

शब्दांच्या निवडीवर माणसाचे पोट कसे अवलंबून असते, याचे महाराष्ट्राइतके ठळक उदाहरण दुसरीकडे मिळणे कठीण. १९६३ साली आपल्या विधिमंडळाने एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'दुष्काळ' या अर्थाचा इंग्रजी शब्द वगळून त्या जागी 'टंचाई' या अर्थाचा शब्द घालणे, एवढेच त्याचे प्रयोजन. शेतीच्या परिस्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते व टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजले जातात, म्हणून दुष्काळ उद्भवायला आता वावच उरलेला नाही, असे कारण त्या कायद्याने दिले.

नऊ वर्षांनी, १९७२ साली, जे आले त्याला खेड्यापाड्यांतल्या माणसाने दुष्काळच म्हटले. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर खडी फोडीत होती, सुकडी खाऊन दिवस काढीत होती. शासनाने त्या काळात मोठे काम उभे केले आणि भूकबळींचे संकट पुष्कळ अंशी टाळले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण कागदावर टंचाईच होती. मराठीतला 'दुष्काळ' हा शब्द पीक बुडणे आणि माणूस उपाशी राहणे या दोहोंना कवेत घेतो. 'टंचाई' वस्तूंची असते. तिच्यात उपाशी माणूस दिसत नाही. पुढे 'टंचाईसदृश' आणि 'दुष्काळसदृश' असे शब्द निघाले. दुष्काळासारखे दिसणारे पण दुष्काळ नसलेले असे काही शेतकऱ्याच्या शिवारात कधी आले नव्हते. ते शासनाच्या परिपत्रकात आले. अखेर मे २०१६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना, 'दुष्काळसदृश' याच्या जागी 'दुष्काळ' असे वाचावे, असे राज्य सरकारला जाहीर करावे लागले. त्या वेळी सुमारे २९ हजार गावे त्या एका शब्दाच्या छायेत होती. हा व्याकरणाच्या मास्तरांचा वाद होता, असे कोण म्हणेल?

दुसरे उदाहरण जमिनीचे. 'कसेल त्याची जमीन' ही तीन शब्दांची घोषणा घ्या. तिच्यात कसणारा आधी येतो, जमीन नंतर. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम या घोषणेतून जन्मला असे आपण म्हणतो. म्हसळा त्याच वर्षापर्यंत जंजिरा संस्थानात होते. विलीनीकरणानंतर हा कायदा इकडेही आला. आता या कायद्यातली 'स्वतः कसणे' याची व्याख्या पाहा. स्वतःच्या श्रमाने कसणे, कुटुंबातील माणसांच्या श्रमाने कसणे, हे तीत आहेच. पण स्वतःच्या किंवा कुटुंबातील व्यक्तीच्या देखरेखीखाली पगारी मजुरांकडून कसून घेणे, हेही 'स्वतः कसणे'च ठरविले आहे. घोषणेतला 'कसेल' हा शब्द कायद्यात शिरताना नांगरावरून उतरून बांधावर येऊन उभा राहिला.

तेवढ्याने भागले नाही. त्या कायद्याखाली कुळाला जमीन स्वेच्छेने सोडता येत असे, आणि तिला नाव होते 'राजीनामा'. राजी असल्याचा कागद तो राजीनामा. गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि खुदनपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी करून १९५७ साली अहवाल प्रसिद्ध केला. कुळांनी 'स्वेच्छेने' जमिनी सोडल्याच्या नोंदी किती सर्रास होत्या आणि ती स्वेच्छा किती संशयास्पद होती, हे त्या अहवालाने दाखवून दिले. ज्याची चूल सावकाराच्या आणि मालकाच्या उधारीवर पेटते, त्याचा अंगठा कागदावर उमटला की तो राजी झाला, असे तो शब्द जाहीर करतो. १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन उजाडला आणि कुळे कायद्याने मालक झाली. पण त्यापूर्वीच राजी होऊन बसलेल्यांच्या वाट्याला तो दिवस आला नाही. 'राजीनामा' हा शब्द अवघड नव्हता. तो कुळाला समजत होता. खोटेपणा शब्दाच्या अर्थात होता, आणि त्या अर्थाला कोणी वेळीच हटकले नाही.

गुंठा आणि हेक्टर

हे सारे जुने झाले असे वाटेल, म्हणून आमच्या किनाऱ्यावरचे अलीकडचे उदाहरण देतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या तालुक्यांतल्या नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. फळबागांसाठी शासनाने हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. आकडा मोठा होता आणि पूर्वीच्या दरांशी तुलना करता तो खरोखरच वाढीव होता. परंतु कोकणातला बागाईतदार हेक्टराने बोलत नाही. तो गुंठ्याने आणि झाडाने बोलतो. एक हेक्टर म्हणजे सुमारे १०० गुंठे. म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. चार गुंठ्यांच्या वाडीला २ हजार रुपये. सुपारीचे झाड लावल्यापासून ते उत्पन्न देऊ लागेपर्यंत पाच-सात वर्षे जातात. 'हेक्टरी ५० हजार' आणि 'गुंठ्याला ५००' ही दोन वाक्ये गणिताने एकच आहेत. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ती दोन वेगळी चित्रे उभी करतात. लोकांनी जेव्हा हिशेब स्वतःच्या मापात मांडला, तेव्हाच 'झाडामागे किती' हा प्रश्न जोराने पुढे आला. माप बदलताच मागणी बदलली.

तसेच 'मदत' आणि 'भरपाई' हे दोन शब्द आपण एकाच दमात वापरतो. सरकार तसे करीत नाही. आपत्तीनंतरच्या सरकारी कागदांत शब्द येतो तो प्रामुख्याने मदत. भरपाई नुकसानाच्या मापाने द्यावी लागते. मदत देणाऱ्याच्या मापाने दिली जाते. त्याच धर्तीवर 'लाभार्थी' हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की आपल्या पत्रकांतही तो निःसंकोचपणे येतो. कायद्याने ज्याला धान्य, काम किंवा निवृत्तिवेतन मिळायचे, तो हक्कदार आहे. त्याला लाभार्थी म्हटले की देणारा मोठा होतो आणि घेणारा मिंधा.

याच्या उलट, शब्द योग्य निवडले तर काय होऊ शकते, हेही महाराष्ट्रानेच दाखविले आहे. वि. स. पाग्यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली देशाने जो कायदा केला, त्याला हा अनुभव मार्गदर्शक ठरला. 'मागेल त्याला काम' या वाक्यात मजूर हा मागण्याचा कर्ता आहे. त्याने मागितले की पुढची क्रिया दुसऱ्यावर बंधनकारक होते, आणि काम दिले नाही तर बेकारभत्ता. 'गरजूंना रोजगार उपलब्ध करून देण्यात येईल' असे त्याच योजनेचे वाक्य असते, तर मोर्चाला धरायला काही हाती लागले नसते. अंमलबजावणीत खोट्या हजेऱ्या झाल्या, भत्ता क्वचितच मिळाला, हे खरे. तरीही खेड्यातल्या बायका तहसील कचेरीसमोर बसून 'आम्ही काम मागितले, आमची पोच द्या' असे म्हणू शकल्या, त्याचे श्रेय त्या वाक्याच्या रचनेला थोडे तरी दिलेच पाहिजे.

आपली पत्रके

आता आपल्या घराकडे वळू. आपली निवेदने मी आवर्जून वाचतो, आणि त्यांत मला कचेरीचीच भाषा दिसते. नमुन्यादाखल एक वाक्य घेऊ: 'वादळग्रस्तांवरील अन्यायाची तात्काळ दखल घेण्यात यावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस शासन जबाबदार राहील.' दखल कोणी घ्यायची, हे येथे सांगितलेले नाही. आंदोलन कोण छेडणार, तेही नाही. अन्याय कोणता, तोही नाही. ज्या रचनेने अधिकारी आपली जबाबदारी झटकतो, त्याच रचनेने आपण आपली झटकली आहे. असे निवेदन स्वीकारताना कोणत्याही अधिकाऱ्याला घाम फुटत नाही.

त्याऐवजी, एक कल्पित उदाहरण देतो, असे लिहिले तर: 'आमच्या गावात ४१ बागा आहेत. तलाठ्यांनी १२ जून रोजी त्यांतल्या २६ पाहिल्या, १५ पाहिल्या नाहीत. त्या १५ बागांचा पंचनामा तहसीलदारांनी ३० जूनपर्यंत करवून घ्यावा. तसे झाले नाही, तर १ जुलै रोजी सकाळी ११ वाजता आम्ही बागाईतदार कचेरीत येऊन बसू.' यात एकही अवघड शब्द नाही, शिवी नाही, 'तीव्र' नाही. पण प्रत्येक क्रियापदाला त्याचा कर्ता आहे आणि प्रत्येक कर्त्याला तारीख आहे. या निवेदनाला 'विचार करण्यात येईल' असे उत्तर देणे अवघड जाते.

माहितीच्या अधिकाराचे अर्जही याच कसोटीवर घासून पाहावेत. २००५ च्या कायद्याने अभिलेखात असलेली माहिती मिळते. 'आमच्या गावावर अन्याय का केला?' असे विचारले, तर अशी माहिती अभिलेखात नाही, एवढे उत्तर येते आणि अर्ज मिटतो. 'आमच्या गावाची पाहणी कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या दिनांकास केली, त्या पाहणीच्या अहवालाची प्रत द्यावी' असे विचारले, तर कर्ता हाती लागतो.

भाषणांविषयी एकच गोष्ट सांगतो. मराठीने आपल्याला एक देणगी दिली आहे, जी इंग्रजीत किंवा हिंदीत नाही. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन निरनिराळे शब्द आहेत. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. 'आम्ही तुम्हांला न्याय मिळवून देऊ' या वाक्यात समोर बसलेली पाचशे माणसे न्यायाची वाट पाहणारी होतात, आणि व्यासपीठावरचे पाचजण काय ते करणारे उरतात. 'आपण उद्या कचेरीत जाऊ' या वाक्यात ती पाचशे माणसे कर्ता होतात. निवेदन देताना 'आम्ही' योग्य, कारण तेथे अधिकारी आपल्यातला नसतो. सभेत मात्र 'आम्ही' म्हणणाऱ्या वक्त्याने आपण कोणाला बाहेर ठेवले, याचा विचार करावा.

माझ्या सूचना साध्या आहेत. कोणताही सरकारी कागद हाती आला की त्यातल्या प्रत्येक 'करण्यात येते'पाशी थांबून 'कोणी? कोणत्या अधिकाराने? केव्हापर्यंत?' असे तीन प्रश्न समासात लिहावेत. आपले पत्रक छापण्यापूर्वी ते गावातल्या एखाद्या न शिकलेल्या बाईला वाचून दाखवावे, आणि कोणी काय करायचे आहे ते तिला तिच्या बोलीत सांगता येते का, ते पाहावे. सांगता आले नाही, तर दोष तिच्या अडाणीपणाचा नसून आपल्या वाक्याचा आहे असे समजून ते वाक्य पुन्हा लिहावे. आणि आपल्या अभ्यासवर्गांत विचारप्रणाली व अर्थकारण यांच्या जोडीला एक तास कागद वाचण्याचा ठेवावा. सातबारा, पंचनामा, नोटीस आणि शासननिर्णय यांची वाक्ये फोडून पाहण्याचे शिक्षण तरुण कार्यकर्त्यांना तेथे मिळावे.

भाषा सुधारली म्हणजे समाज बदलेल, इतका भोळा विश्वास अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला परवडत नाही. जमिनीची मालकी आणि मजुरीचा दर संघटनेच्या बळावरच बदलतात. पण संघटना ज्यांची, ती माणसे स्वतःच्या वाक्यातही कर्ता नसतील, तर ती रस्त्यावर तरी कशी होणार? तेव्हा उद्याच्या निवेदनातले पहिले वाक्य लिहिताना आधी कर्ता लिहावा, मग क्रियापद शोधावे.